चंद्रेचा डावा कान

चंद्रा आमच्याकडे आली ती सारंगखेड्याच्या यात्रेतून. तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या त्या घोडेबाजारात जाणकार मंडळी आधी अंगावरचे भोवरे पाहतात, मग दात, मग चाल. कानही पाहतात, पण ते केवळ देखणेपणासाठी. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना कितपत भिडतात, एवढ्यापुरतेच. चंद्रेच्या कानांची टोके सुरेख भिडत होती. सौदा ठरल्यावर लगाम माझ्या हाती देताना विकणाऱ्याने सांगितले, "डाव्या कानाला तेवढा हात लावू देत नाही. एवढी एकच खोड. बाकी गाय आहे, गाय."

‘खोड’ या शब्दावर मी जवळजवळ दोन महिने विसंबून राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. लगाम चढवताना ती मान उंच करी, मागे सरके, कधी दोन्ही पाय उचली. आमच्या पागेवर घोड्यांचे पाहणारे मामा जुन्या वळणाचे. त्यांच्या तरुणपणी अडेल घोड्याला उभे करायचे म्हणजे कान धरून पिळायचा, हीच रीत होती. मी त्यांना तसे करू दिले नाही, एवढेच माझ्याकडून बरोबर घडले. कान पिळल्याने घोडा त्या क्षणी थिजून उभा राहतो हे खरे, पण त्याने कानाच्या कूर्चेला आणि मुळाशी असलेल्या स्नायूंना व मज्जातंतूंना इजा होऊ शकते आणि पुढे आयुष्यभर माणसाचा हात डोक्याकडे आला की तो घोडा बिचकतो. खोड आहे म्हणून कान पिळायचा आणि कान पिळला म्हणून खोड पक्की व्हायची, असे हे चक्र मी अनेक पागांमध्ये पाहिले आहे.

माघ महिन्यात एका सकाळी खरारा करताना तीन गोष्टी एकदम लक्षात आल्या. चंद्रा मान आडवी झटकत होती. डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली, बाहेरच्या बाजूला पडलेला होता. आणि वारा माझ्याकडे आला तेव्हा त्याबरोबर एक आंबूस, कुजकट वास आला. निरोगी घोड्याच्या कानाला असा वास नसतो. कानाच्या मुळाशी हाताची पाठ लावली, तर ते उजव्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागले. ताप पाहिला, तो 38 अंश सेल्सिअस, म्हणजे नेहमीइतकाच होता. (मोठ्या घोड्याचे तापमान साधारण 37.2 ते 38.3 अंशांच्या दरम्यान असते.) म्हणजे दुखणे होते, पण ते अजून अंगभर पसरलेले नव्हते.

त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी कानाला हात न लावता प्रथम दहा मिनिटे नुसते दुरून पाहिले: ती कान कसे फिरवते, दोन्ही पापण्या सारख्या मिटतात का, ओठ एका बाजूला ओढले गेले आहेत का, वळताना तोल जातो का. मग शिरेतून गुंगीचे इंजेक्शन दिले. चंद्रेची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबू लागला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा डावा कान कोणाच्या तरी हातात निमूटपणे राहिला. आतले केस काळपट ओल्या मळाने एकमेकांना चिकटले होते. घोड्याच्या कानाची नळी लांब, अरुंद आणि वाकडी असते, त्यामुळे नुसत्या बॅटरीच्या उजेडात कानाच्या पडद्यापर्यंत काही दिसत नाही. डॉक्टरांनी बारीक दुर्बीण आत घातली आणि दुर्बिणीला जोडलेल्या स्क्रीनवर मलाही दाखवले. लाल सुजलेल्या त्वचेत एक तपकिरी काडी रुतलेली होती. लांब चिमट्याने ती बाहेर आली, तेव्हा मामा माझ्याआधी उद्गारले, "कुसळ!"

आपल्याकडच्या माळरानावर कुसळी गवत किती माजते, हे वेगळे सांगायला नको. पावसाळा सरला की ते पिकते आणि धोतराला, घोंगडीला, जनावरांच्या लोकरीला चिकटते. त्याच्या बीचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार असते, टोकावरचे ताठ केस मागे वळलेले असतात आणि पाठीमागे लांब पिळदार शेपटी असते. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या पिळाच्या जोरावर बी पुढे पुढे सरकत राहते. मागे वळलेल्या केसांमुळे ते मागे मात्र येत नाही. जमिनीत रुजण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय घोड्याच्या कानात गेली की काय करते, ते मी त्या दुर्बिणीतून पाहिले. चंद्रेच्या कानात ते बहुधा यात्रेआधीच, चरताना गेले असावे.

पुढचे उपचार साधे, पण चिकाटीचे होते. कानाचा पडदा शाबूत आहे याची खात्री करून घेतल्यावरच कोमट सलाइनने कान धुतला, आतल्या स्रावाचा नमुना तपासणीला पाठवला, आणि अहवाल आल्यावर त्यानुसार जंतुनाशक औषध दिले. पहिले काही दिवस वेदनाशामकही होते. ‘पडदा शाबूत आहे का’ हा प्रश्न औपचारिक नाही. पडदा फाटलेला असताना कानात घातलेली जेंटामायसिनसारखी काही औषधे, किंवा जखमा धुण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरहेक्सिडिनचे द्रावण, आतल्या कानापर्यंत पोचून ऐकण्याला आणि तोलाला कायमची इजा करू शकते. म्हणून कुत्र्यासाठी आणलेले थेंब उरले आहेत, किंवा तेल कोमट करून सोडतो, असे प्रयोग घोड्याच्या कानात कृपा करून करू नयेत. कानातले केस आतून भादरणेही टाळावे. शोभेसाठी ते काढले की धूळ, माश्या आणि कुसळे यांना वाट मोकळी होते.

चंद्रेच्या निमित्ताने मी या विषयावर डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी एका संध्याकाळी बसून मला सगळे नीट समजावले. कुत्र्यांच्या मानाने घोड्यांना कानाच्या नळीचा संसर्ग बराच कमी होतो, आणि नेमके त्यामुळेच तो झाला तर कोणाच्या ध्यानात येत नाही. बऱ्याचदा कारण गोचीड असते. आपल्या गावांत गोचिडीवर हमखास औषध म्हणजे अमिट्राझ. गाई-म्हशींसाठी ते घराघरांत असते आणि लोक तेच पाणी उरले म्हणून घोड्यावरही मारतात. घोड्याला अमिट्राझ चालत नाही. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडते आणि पोटशुळाने घोडा दगावू शकतो. हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहून पागेच्या दारावर चिकटवले आहे. घोड्यासाठी परमेथ्रिनची वेगळी औषधे मिळतात, तीही कानाच्या बाहेरच्या बाजूला, पशुवैद्यांना विचारून लावायची. आत खोल बसलेली गोचीड मात्र गुंगी देऊन चिमट्यानेच काढावी. कानातल्या सूक्ष्म किड्यांमुळे, म्हणजे माइट्समुळे, खाज सुटून घोडा कान खांबाला घासत असेल, तर वजनानुसार आयव्हरमेक्टिन दिले जाते आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्याची दुसरी मात्रा द्यावी लागते.

काही वेळा कानाच्या आतल्या बाजूला पांढरट, पापुद्र्यासारखे चट्टे दिसतात. मालकाला ती बुरशी वाटते आणि तो नखाने खरवडू लागतो. हे चट्टे बहुधा पॅपिलोमा विषाणूमुळे होतात आणि ओढ्याकाठच्या बारीक काळ्या माश्या तो पसरवतात असे मानले जाते. खरवडल्याने ते जात नाहीत, उलट कान हुळहुळा होऊन घोडा हात लावू देईनासा होतो. त्यांचा त्रास नसेल तर ते तसेच राहू द्यावेत. पहाटे आणि सांजवेळी, जेव्हा या माश्या चावतात, तेव्हा कान झाकणारी जाळी चढवावी. मात्र चट्टा वाढून गाठीसारखा किंवा मांसल होऊ लागला, तर तो सारकॉइड नावाचा त्वचेचा अर्बुद असू शकतो आणि त्याला घरच्या घरी दोरा बांधणे किंवा चुना लावणे घातक ठरते, कारण अर्धवट डिवचलेला सारकॉइड अधिक जोमाने वाढतो.

एक प्रकार ऐकून मी थक्क झालो. तरण्या घोड्याच्या कानाच्या मुळाशी एक छिद्र असते, त्यातून चिकट द्रव झिरपत राहतो, मलम लावून बंद होत नाही. कापून पाहिले तर आत दाताचा तुकडा असतो. गर्भावस्थेत दाताच्या पेशी भलत्या जागी राहिल्याने हे होते आणि शस्त्रक्रियेवाचून त्याला उपाय नसतो. असे छिद्र दिसले तर त्यावर महिनोन्महिने मलमे चोळत बसू नये.

आता सर्वांत गंभीर भाग. घोड्याला कान आणि घसा जोडणाऱ्या नळीवर, दोन्ही बाजूंना, हवेच्या दोन मोठ्या पिशव्या असतात; प्रत्येकीत सुमारे 300 ते 500 मिलिलिटर हवा मावते. त्यांच्या भिंतींवरून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आणि गिळण्याच्या क्रियेशी संबंधित मज्जातंतू जातात. स्ट्रँगल्स या संसर्गजन्य रोगात तिथे पू साचतो; जबड्यामागे, कानाखाली सूज दिसते, घोडा मान ताठ धरतो आणि नाकातून पू येतो. असा घोडा इतरांपासून ताबडतोब वेगळा बांधला पाहिजे, त्याची बादलीही वेगळी हवी. याच पिशवीत बुरशी वाढली तर ती रोहिणीची भिंत पोखरते. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या नाकातून, धावलेला नसताना, एकदा रक्त येऊन थांबले तर ‘उष्णतेने आले असेल’ असे म्हणून कांदा हुंगवू नये. पुढचा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेऊ शकतो, म्हणून पहिल्या रक्ताच्या वेळीच घोड्याला दुर्बिणीची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे. महाराष्ट्रात परळच्या, 1886 साली सुरू झालेल्या, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्था याच कामासाठी आहेत.

संसर्ग मधल्या आणि आतल्या कानात उतरला तर चित्र वेगळे दिसते. घोडा डोके सतत एका बाजूला कलते ठेवतो, बुबुळे आपोआप थरथरतात, चालताना तो दुखऱ्या बाजूला झुकतो. चेहऱ्याचा मज्जातंतू तिथूनच जात असल्याने कान लोंबतो, वरची पापणी पडते, ओठ निरोगी बाजूला ओढला जातो आणि पाणी पिताना ते तोंडातून गळते. अशा वेळी सगळ्यांचे लक्ष कानाकडे असते, पण पहिला धोका डोळ्याला असतो. पडलेली दिसली तरी पापणी पूर्ण मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि दोन-तीन दिवसांत बुबुळावर जखम होऊ शकते. पशुवैद्य येईपर्यंत घोडा अंधाऱ्या, धूळ नसलेल्या जागी भिंतीच्या आधाराने उभा करावा आणि लगाम घालू नये. काही घोड्यांत कानाजवळचा सांधा सुजून हाडे एकमेकांना जखडतात, आणि मग मान झटकणे, लगामाला तोंड न देणे, चावताना अडखळणे अशी लक्षणे कित्येक महिने ‘खोड’ म्हणूनच सहन केली जातात. दात तपासले, खोगीर बदलले, नालबंद बदलला, पण कान कोणी पाहिला नाही, असे घोडे आहेत.

जाता जाता एक सांगतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे घोडी नाचवतात, तिच्या कानांचे काय होत असेल याचा विचार वधूवरांकडच्या मंडळींनी करावा अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

चंद्रेचा कान भरून यायला साडेतीन आठवडे लागले, भीती जायला त्याहून कितीतरी जास्त. दुखणे गेले तरी हाताची आठवण राहते. मी रोज मानेवरून सुरुवात करी, हात कानाच्या दिशेने नेई आणि तिने डोके उचलण्याच्या आतच मागे घेई. डोके खाली आले की चंदीची मूठ. लगाम कानावरून ओढून चढवणे पूर्ण बंद केले. गालपट्टा सोडून, वरचा पट्टा कानामागून हलकेच फिरवून मग बकल लावायचे, ही पद्धत मामांनी स्वतःहून शोधली आणि आता ते नव्या पोरांनाही तीच शिकवतात. अश्विन ते पौष या काळात चंद्रा माळावर चरून आली की तिचे दोन्ही कान, बोट आत न घालता, उजेडात पाहायचे आणि आयाळीतली कुसळे आधी वेचायची, हाही त्यांचाच नियम.

परवा खरारा करताना डाव्या कानाच्या मुळाशी अंगठ्याने चोळत होतो. चंद्रेने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि मी थांबलो तेव्हा नाकाने माझा हात पुन्हा वर ढकलला. उजव्या हाताने आता जमते. डाव्या हाताने, तिच्या त्या बाजूने, अजून तिची पापणी लवते. तेवढे बाकी आहे.