घोडाच तर पळतो, मग तुम्ही काय करता?

मी घोडेस्वार आहे हे कळलं की हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारला. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणानं करून घ्यायच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी मिळालेलं सुवर्ण! मामेभावानं व्हिडिओ पाठवून खाली लिहिलं, ‘‘स्वार नुसता बसलाय की!’’ अरे, तसं दिसावं म्हणूनच ही मुलं युरोपात वर्षानुवर्षं राबली. ड्रेसाजमध्ये घोड्याशी तोंडानं बोललात तरी गुण कापतात.

आमच्याकडे पुण्यात शिकायला येणारे बरेचसे घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे, असतात. त्यांना काहीच येत नाही असं नाही. येतं ते आपल्या कामाच्या उलटं असतं. शर्यतीत घोडा लगामावर रेलून पळतो, जॉकीनं आवळलेला लगाम हा त्याला आधार. त्यामुळे नवखा स्वार घाबरून लगाम खेचतो आणि घोडा आणखीच सुटतो. जॉकीची रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, इतकी आखूड बांधलेली असते की त्याची पोटरी बरगड्यांपर्यंत पोचतच नाही. आपली पोटरी लागली की घोड्याला वाटतं हे काय नवीन! आणि स्वार वर चढताना घोड्यानं थांबून उभं राहायचं असतं, हेही त्याला ठाऊक नसतं. तिथं जॉकीला पायाला हात देऊन बऱ्याचदा चालत्या घोड्यावरच चढवतात.

मग सुरुवातीचे महिने खुराकातले ओट कमी करण्यात, मोकळं सोडण्यात, हातात धरून चालवण्यात आणि लांब दोरीवर गोल फिरवण्यात जातात. यात बघण्यासारखं काही नसतं.

सध्या माझ्याकडे एक कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी आहे. उजव्या वळणावर सुरेख, डावीकडे मात्र ओंडका. कोपरा यायच्या दोन-तीन पावलं आधी मी श्वास सोडते, पाठ ताठ करते, बाहेरच्या हाताची अनामिका मिटते आणि लगेच सोडते. एवढंच. सोडायला उशीर झाला की ती लगामावर रेललीच म्हणून समजा. वेळेत सुटली, तर आतला कान मागं वळतो, तोंडातली कडी चघळायला लागते, मान लांबवून फुर्रकन नाक शिंकरते. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, पण पाठीवर माशी बसलेली त्याला कळते. मग माझी अनामिका का कळणार नाही?

हे जमायला आपला हात तोलासाठी वापरायची सवय मोडावी लागते. आमचे उस्ताद, फौजेतले निवृत्त दफेदार, रिकिबी काढून घ्यायचे, लगाम काढून घ्यायचे आणि दोरीवरच्या घोड्यावर दुडकीत बसवून आमची नावं-गावं विचारत राहायचे. उत्तर देताना आवाज हलला की अजून एक फेरी. मांड्यांची सालटं निघायची. माझ्या मते या शिक्षणाला पर्याय नाही, आणि हल्ली तेच सगळ्यात आधी गाळलं जातं. पालकांना फोटोसाठी उडी हवी असते.

उडीतही काम वाटलेलं असतं. कॅन्टरचं, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीचं, एक पाऊल साधारण 12 फुटांचं. रेषा सरळ ठेवणं, पावलं लांबवायची की आखडायची हे ठरवणं माझ्याकडे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. तरी शेवटच्या पावलाला झेप त्याची. तिथं स्वारानं खरोखर काही करू नये, आणि नेमकं तिथंच हात शिवशिवतात.

कुमाईत घोडीला मी अजून उडी दिलेली नाही. जमिनीवर साडेचार-साडेचार फुटांवर मांडलेल्या खांबांवरून ती दुडकत जाते. पहिला खांब ठीक, दुसऱ्यापासून शर्यत आठवते आणि ती घाई करते. ती घाई जाईपर्यंत खांब जमिनीवरच राहणार.