'आपण' कोण, हे ठरतं कुठे?

"राष्ट्रवाद, लोकानुनयी राजकारण आणि तंत्रज्ञान. मॅडम, एवढे वेगवेगळे विषय एका आयुष्यात कसे घेतलेत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढल्यावर ते वेगळे वाटत नाहीत.

१८७७ साली इथे 'जुनी मिल' निघाली. पुढे गिरण्यांनी आणि हातमागांनी तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणारी माणसं एका शहरात आणली. एम.ए.ला राष्ट्रवादाचा अभ्यासक अर्नेस्ट गेल्नर वाचला. १९८३ साली त्याने मांडलं होतं, की कारखानदारीला अनोळखी माणसांशी एका भाषेत बोलू शकणारी माणसं लागतात. ती शाळेत घडतात, आणि राष्ट्रवाद तिथून उभा राहतो. यंत्र आणि राष्ट्र यांचा संबंध त्याने मला दाखवला. पण माझ्या शहरापाशी तो अडत होता. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर उसळलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, इंग्रजांना इथे मार्शल लॉ लावावा लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचा. भाषा एक झाल्यावर मग देश एक झाला, असं इथे घडलं नाही. माझं सगळं संशोधन या अडखळण्यातून निघालं.

लोकानुनयाकडे मी गिरण्या बंद पडल्यावर वळले. एकत्र पाळी गेली, युनियनची सभा गेली. माणसं घराघरातल्या यंत्रमागांवर आणि विडीच्या कामात विखुरली. कष्ट तेवढेच राहिले, पण ते मांडायची जागा उरली नाही. अशा वेळी कुणी येऊन म्हणतो, "खरी जनता तुम्हीच, बाकीचे तुमचं खाणारे," तेव्हा ते खरं वाटतं. त्या मतदाराला अडाणी म्हणणाऱ्या अभ्यासकांचा मला मनापासून राग येतो.

आता मी घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलांशी बोलते. त्यांना काम फोनवरचं ॲप वाटून देतं, मुकादम कुणी दिसत नाही. दर कमी झाला तर भांडायचं कुणाशी, हे त्यांना ठाऊक नसतं. तरी हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट पाहताना ती एकमेकांना दर विचारतात, गाडी बंद पडली तर वर्गणी काढतात. मी तिथेच वही घेऊन बसते.