डबल रिंग, एक इंडेंट आणि वळीव

एम.टेक.च्या प्रोजेक्टला विषय मिळाला होता काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग. साधन म्हणाल तर दोन लोखंडी रिंगा, आतली ३० सेंमी व्यासाची, बाहेरची ६०. जमिनीत ठोकायच्या, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या रिंगेतली पातळी किती उतरते ते मोजायचं. बाहेरच्या पाण्यामुळे आतलं पाणी आजूबाजूला न पसरता बहुतेक सरळ खाली जातं.

पण रिंगा कॉलेजच्या स्टोअरमध्ये होत्या. इंडेंटवर, म्हणजे सामान मागण्याच्या अर्जावर, आधी गाइडची सही, मग विभागप्रमुखांची. ते कुठल्याशा तपासणी समितीच्या तयारीत. सही मिळाली तर स्टोअरवाले म्हणतात, "डेड स्टॉक नंबर कुठाय?" म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदीतला क्रमांक. तो रिंगेवर रंगवलेला, रिंग कुलपात, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. नंबर मिळाला तर गेटपास वेगळा, कारण सामान आवाराबाहेर जाणार! वैतागून म्हटलं, वेल्डिंगवाल्याकडून पत्रा वाकवून घेतो. सर म्हणाले, "रिपोर्टात स्टॉक नंबर कुठून आणशील?"

तोवर वळवाचे दोन-तीन दणके झाले. काळं रान ज्यांना ठाऊक नाही, त्यांना यात काय बिघडलं ते कळायचं नाही. बार्शीकडे मामाच्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, ओतलेलं पाणी त्यांतून गडप होतं. पाऊस झाला की चिकण माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा दर तासाला काही मिलिमीटरवर येतो. कोरड्या रानाचे माझे आकडे त्या वर्षापुरते गेले ते गेलेच.

मग ओल्या रानातच टेस्ट उरकली. मुरण्याचा दर वेळेनुसार कसा घटतो ते सांगणारं हॉर्टनचं समीकरण एक्सेलच्या सॉल्व्हरनं तासाभरात माझ्या आकड्यांवर बसलं. त्याला सुरुवातीचा दर, शेवटचा स्थिर दर आणि घटीचा वेग, एवढंच लागतं. त्याच कामाचं कोस्टियाकोव्हचं समीकरण सोपं आहे, पण वेळ वाढेल तसा त्यात दर शून्याकडे जातो. लांबलेल्या पावसाला ते घेऊ नका. मुरण्याचंच १९११ चं ग्रीन-अँप्ट मॉडेल वापरणार असाल तर रिंग ठोकण्याआधीच शेजारची माती डब्यात भरून घ्या. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवली की सुरुवातीचा ओलावा कळतो, आणि तो नसेल तर ते मॉडेल पुढे सरकत नाही.

हो, पाणी गोणपाटावर ओता, नाहीतर माती ढवळून वरची छिद्रं बुजतात. आणि दर इतका कमी असताना भर दुपारी वाफ होऊन जाणारं पाणीही मुरल्यात धरलं जातं, तेव्हा रिंगेवर झाकण ठेवा.

इंडेंट फेब्रुवारीतच टाका. गेटपासचा फॉर्म दुसऱ्या खिडकीवर मिळतो, स्टोअरवाले आपणहून सांगत नाहीत.