हिवाळी सायकल चॅलेंज, अपडेट 3: शेवटी पायातला ‘तोडा’ फायनल झाला

राम राम मंडळी. मागच्या अपडेटमधे सांगितलंच होतं, आपण 23 जण झालो, डिसेंबर-जानेवारी दोन महिने रोज सकाळी कमीतकमी 10 किलोमीटर, सगळे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या आजूबाजूचे रस्ते, आणि सगळ्यांच्या अंगावर ग्रुपची काहीतरी ओळख पाहिजे यावर गाडी अडून बसली होती. ती आता निघाली एकदाची, पायात बांधायचा चमकणारा पट्टा ठरला, त्यालाच आम्ही ‘तोडा’ म्हणतो. कशी निघाली ते लिहून ठेवतो, दुसऱ्या गावच्या कोणाला करायचं असंल तर आमच्यासारखे पैसे वाया नको जायला.

आधी ओळख काहून पाहिजे ते सांगतो. आपल्याइकडं जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढंच उगवते, आणि आम्ही निघतो साडेपाचला, म्हणजे तासभर निव्वळ अंधार. त्यात सगळ्यांच्या डोक्याला कानटोपी, तोंडाला मफलर. पहिल्याच आठवड्यात मी एका गड्याच्या मागं दीड-दोन किलोमीटर गप्पा मारत गेलो, तो काहीच बोलून नाही राहिला, मला वाटलं दम लागला असंल, पुढं उजेडात पाहतो तर दूधवाला. कॅन हँडलच्या पुढून लटकवलेले म्हणून मागून दिसलेच नाही. तो बिचारा घाबरून चूप होता म्हणे.

दुसरं कारण गमतीचं नाही. हा कापसाचा सीझन. जिनिंगला चाललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कापूस बाहेर लोंबलेला, मागचा लाइट त्याच्याखाली झाकून गेलेला, आणि ड्रायव्हर रात्रभर लाइनीत जागलेला. त्याला आपण दिसलो पाहिजे, आणि सायकलवाला म्हणून दिसलो पाहिजे.

तर सगळ्यात आधी सगळे म्हणाले टी-शर्ट छापू. छापा, पण थंडीत टी-शर्ट स्वेटरच्या आत, स्वेटर जॅकेटच्या आत, पाहणार कोण? एका काकांनी स्वेटरवरून घालून दाखवला, गादीला खोळ घातल्यासारखे दिसले. मग आला रबरी बँड, मनगटातला, तो हातमोज्यात गायब. गळ्यातलं कार्ड तर एका दिवसात बाद, वाकलं की झुलते, आणि एकाची दोरी ब्रेकच्या लिव्हरमधे अडकली, पडता पडता वाचला.

दुपट्ट्यावर मात्र दोन दिवस भांडण झालं. दुपट्टा आपल्याइकडं खांद्यावर असतोच, कल्पना वाईट नव्हती, पण रंग कोणता घ्यायचा? भगवा म्हणलं तर एक गट गालात हसला, निळा म्हणलं तर दुसरा, हिरवा काढला तर तिसऱ्यानं मान हलवली, पांढरा घ्यावा तर आठ दिवसात मातीचा होते. सरपंचकीची हवा असताना 23 जण एका रंगाचे दुपट्टे घालून पहाटे गावातून गेले तर लोकं विचारतीलच, भाऊ प्रचार कोणाचा? शिवाय सुटलेलं टोक चाकात गेलं की संपलं. तर दुपट्टा कटाप.

मग मी ऑनलाइन ते टपकन गुंडाळणारे चमकणारे पट्टे मागवले, आत वाकडी स्टीलची पट्टी असते, हातावर आपटलं की गोल होते. पांदण रस्त्यावर पहिल्या गचक्यातच तीन उडाले, बाकीचे घरोघरच्या पोट्ट्यांनी खेळायला नेले. हे पैसे गेले, लिहून ठेवा.

आता टेस्टचं सांगतो, कारण खरं तिथंच समजलं. देऊरवाड्याच्या रोडवर पहाटे एका मित्राला सायकलवर बसवलं, पाठीवर एक रेडियमचा तुकडा, दंडाला एक, पायाला घोट्याच्या वर एक, तिन्ही एकाच वेळी. मी मागून मोटरसायकलचा डिप्पर लावून. (आपण ज्याला रेडियम म्हणतो त्याचा खऱ्या रेडियमशी काही संबंध नाही बरं, आत बारीक काचेचे मणी नाहीतर प्लास्टिकचे पैलू असतात, उजेड जिथून आला तिथंच परत फेकतात, तरी दुकानाचं नाव रेडियमवालाच राहणार.) पाठीवरचा तुकडा चमकला, पण रस्त्याकडेला कुठला तरी बोर्ड चमकावा तसा, हलून नाही राहिला, म्हणजे माणूस आहे का किलोमीटरचा दगड ते समजत नाही. पायाचा पट्टा मात्र वर-खाली, वर-खाली, पाहता क्षणी डोकं म्हणते का कोणीतरी पायडल मारून राहिलं. आणि डिप्परचा झोत खालीच पडते, म्हणून पाय आधी उजळतात, पाठ नंतर. पाठीवरचा तुकडा काढा असं नाही म्हणत मी, पण एकच परवडत असंल तर पाय.

घरी टेस्ट करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, टॉर्च डोळ्याच्या बाजूला कानाजवळ धरा. पोटाजवळ धरली तर उजेड टॉर्चकडं परत जाते, तुमच्या डोळ्यात येत नाही, आणि चांगला पट्टा उगाच बाद कराल. मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेला फोटो उलटा फसवते, फ्लॅश लेन्सला चिकटूनच असते ना, त्यात सगळंच झगमग दिसते. दुकानदार तोच फोटो दाखवतात.

आणखी एक, ते पोपटी नियॉन कापड. ते दिवसाच्या उजेडावर चालते, पहाट फटफटली की मस्त उठून दिसते, पण काळोखात हेडलाइटसमोर ते साधं कापडच. एक जण पोपटी जॅकेट घालून निर्धास्त होता, त्याला समजवायला दोन पोहे-प्लेटी लागल्या.

कापडी राखाडी टेप, जी रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जॅकेटला असते, ती शिवायला सोपी, पण मी बादलीत बुडवून पाहिली तर ओली झाल्यावर फिकी पडते. आपल्याकडं धुई पडली का सगळं ओलंच. ज्या टेपवर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते ती ओली झाली तरी टिकून राहिली. म्हणून तीच घेतली, थोडी महाग पडली, फक्त कडेकडेनं शिवली, मधून सुई घातली तर पाणी आत जाते.

पट्टा कशाचा? खाटेची नवार! कोणाच्याही घरी जुना गुंडाळा पडलेला असतो. जाड, मऊ, घामानं टोचत नाही, टेलर काकांनी एका संध्याकाळी 23 तुकडे शिवून दिले. पायात घालायचा म्हणून पहिले काही जणं लाजले, बायकांचा तोडा घालू का म्हणे, तेव्हापासून नावच ‘तोडा’ पडलं. उजव्याच पायात घालायचा हा नियम. एक तर ओव्हरटेक करणारी गाडी आपल्या उजवीकडून जाते, आणि चेनही उजवीकडंच, तर पँट चेनमधे जात नाही. ग्रुपमधले रिटायर्ड गुरुजी म्हणाले, आम्ही शाळेत जाताना पँटला क्लिप लावत होतो, तुम्ही आता शोध लावला. बरोबर आहे गुरुजी.

शोधावरून आठवलं, पायी चालणाऱ्यांनी लटकवायचं जे रिफ्लेक्टर आहे ते फिनलंडच्या एका माणसानं काढलं, त्याचं नाव आर्वी लेहती! आणि आधी त्यानं ते स्वतःच्या घोडागाड्यांसाठी, म्हणजे आपली बंडी समजा, बनवलं होतं, माणसांना लावायचं 1960 च्या दशकात सुरू झालं. हे ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस ‘आपल्या गावचा माणूस’ हेच चालू होतं.

अंगणवाडीच्या ताई साडीवर सायकल चालवतात, त्यांचा तोडा साडीखाली झाकून जात होता. त्यांनीच उपाय काढला, नवार थोडी लांब घेऊन पोटरीवर साडीच्या वरूनच बांधली, साडी पण आवरली. हे आमच्या एकाच्याही डोक्यात नव्हतं आलं.

तोड्याच्या आत छोटा खिसा आहे, त्यात प्लास्टिकमधे चिठ्ठी, नाव, घरचा नंबर, रक्तगट. एकाला सिकलसेल (रक्ताचा आजार) आहे, डॉक्टरला विचारूनच तो हळूहळू चालवते, थंडी आणि पाणी कमी पडलं तर त्याचं दुखणं उठू शकते, तर त्यानं तेही स्वतःहून लिहून ठेवलं. चिठ्ठीच्या मागं 108 आणि 112, घाबरल्यावर माणूस हेही विसरते. आणि दर 100 किलोमीटरला लाल धाग्याचा एक टाका, ज्याचा त्यानं घरी घालायचा. आतापर्यंत जास्तीत जास्त चार टाके आहेत, आणि ते माझे नाहीत.

आता बिघाड. पट्ट्याला वेल्क्रो लावला होता, आणि आपण कुठं राहतो ते विसरलो. रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीतून उडालेला कापूस, ट्रॉलीतून सांडलेला कापूस, सगळा त्या वेल्क्रोत. दहा दिवसात अर्ध्या लोकांचे तोडे चिकटनाच झाले, वरून कुसळं. टूथब्रशनं घासून पाहिलं, दोन दिवस चालते, मग पुन्हा तेच. तर आता टिचबटन लावून राहिलो, दोन-दोन, बारीक पायाला एक आणि स्वेटपँटवरून घालायला एक. नऊ झाले, चौदा बाकी आहेत. रविवारी कौंडण्यपूरला जाऊ तेव्हा निम्म्यांच्या पायात बटन आणि निम्म्यांच्या वेल्क्रो असंल, येताना कोणाचा रस्त्यात पडला ते मोजून टाकतो.