एका मेंढीची लोकर, एक शाल आणि चिंचोक्याची खळ

इंग्लंडमधील प्रेस्टनच्या आसपास एखादी गोष्ट क्वचितच घडते असे सांगायचे असले, की ती ‘प्रेस्टन गिल्डच्या खेपेला’ घडते असे लोक म्हणतात. व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाची आठवण म्हणून तेथे दर वीस वर्षांनी उत्सव होतो. मागचा 2012 मध्ये झाला आणि पुढचा 2032 मध्ये आहे. मी ज्या गिल्डची सदस्य झाले ते मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका चर्चच्या सभागृहात भरते. सूत कातणारे, विणणारे आणि रंगवणारे मिळून जेमतेम चाळीस जण, वार्षिक वर्गणी अगदी माफक, आणि चहासोबतची बिस्किटे पाळीपाळीने प्रत्येकाने आणायची. ब्रिटनमध्ये अशी गिल्डे गावोगावी आहेत आणि त्यांची एक मध्यवर्ती संघटना 1955 पासून काम करते. एका मेंढीच्या कच्च्या लोकरीपासून एक शाल तयार करायला या गिल्डच्या आधाराने मला वीस महिने लागले. त्याची ही हकिकत आहे.

सुरुवात एका कृषी प्रदर्शनात झाली. एक वृद्ध बाई उभ्याउभ्या लाकडी टकळीवर लोकर कातत होत्या. माणदेशातल्या माझ्या शाळेत आठवड्यातून दोन तास सूतकताई होती, त्यामुळे टकळी मला चांगली ओळखीची होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांच्याकडून ती मागून घेतली, आणि माझा धागा दोन मिनिटांत तीन वेळा तुटला. बाईंनी हसून मला शनिवारच्या बैठकीला यायला सांगितले. पुढे वीस महिने त्याच मला शिकवत राहिल्या. मनातल्या मनात मी त्यांना आजीबाई म्हणते.

धागा का तुटला, हे पहिल्याच बैठकीत कळले. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच लांब असतो आणि त्याला भरपूर पीळ लागतो. पीळ पुरेसा बसण्यापूर्वी टकळीचे वजन पडले तर तो निसटतो, म्हणून आम्ही टकळीचे टोक वाटीत टेकवून फिरवत असू. लोकरीचा तंतू चार-पाच इंच लांब, नागमोडी आणि खवलेदार असतो. थोड्या पिळातही तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे जड टकळी हवेत लोंबकळली तरी धागा तिला पेलतो. मी लोकरीला कापसासारखा पीळ देत होते, आणि धागा ताठ होऊन करकचून तुटत होता. सवयीचा हात मोडायला मला तीन महिने लागले. टकळी कधीच हातात न धरलेल्या एका तरुण सदस्याने तेच काम दोन आठवड्यांत साधले, याचा मला थोडा रागही आला होता. दरम्यान मी माझी पितळी टकळी बैठकीला नेली, तेव्हा अपेक्षेप्रमाणे गांधीजींचे नाव निघाले. या भागात ते निघायला कारणही आहे: 1931 च्या सप्टेंबरमध्ये, विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला ते जवळच्याच डार्वेन गावी आले होते.

शिकायचे असेल तर विकतची धुतलेली, पिंजलेली लोकर घेऊ नको, एक अख्खी कातरलेली लोकर घे आणि तिचे कापड होईपर्यंत तिला सोडू नकोस, असे आजीबाईंचे म्हणणे होते. त्यांनीच एका छोट्या शेतावरून जेकब जातीच्या मेंढीची लोकर मिळवून दिली. ही मेंढी पांढऱ्या अंगावर काळसर तपकिरी ठिपके असलेली असते आणि तिला बहुधा दोन किंवा चार शिंगे असतात. लोकर दोन किलो शंभर ग्रॅम भरली. सभागृहामागच्या अंगणात ताडपत्रीवर ती उलगडली, तेव्हा मेंढी नुसती अंग सोडून निघून गेल्यासारखी दिसली: मान, पाठ, बाजू, मागचे पाय, सगळे जागच्या जागी. कडेची मळकी, लेंडी चिकटलेली लोकर काढून टाकायची, कातरणी दोनदा फिरल्यामुळे पडलेले आखूड तुकडे झटकायचे आणि मग खांद्याची मऊ लोकर मांड्यांच्या राठ लोकरीपासून वेगळी करायची. आजीबाईंनी एक बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कानाजवळ झटक्याने ताणायला सांगितले. निरोगी बट तारेसारखी टणकन वाजते. मेंढी आजारी किंवा उपाशी राहिली असेल तर त्या काळात वाढलेल्या जागी बट करकर आवाज करत तुटते. माझी वाजली.

निवडून उरली एक किलो सातशे ग्रॅम. ती धुताना माझ्याकडून व्हायची ती चूक झालीच. लोकरीतला मेणकट अंश निघायला पाणी चांगले कढत, साधारण साठ अंशांचे लागते. लोकर त्यात नुसती बुडवून ठेवायची, ढवळायची नाही, आणि पुढचे पाणीही तितकेच गरम घ्यायचे. हे सगळे मी वहीत लिहून घेतले होते. तरी पहिला घाणा धुताना, पाणी काळेकुट्ट दिसल्यावर, हात आपोआप कपडे खळबळल्यासारखे चालले, आणि वर मी थंड पाण्याचा नळ सोडला. लोकरीचे खवले एकमेकांत अडकले आणि दोनशे ग्रॅमचा घट्ट नमदा झाला. तो मी संकोचाने पुढच्या बैठकीला नेला. गिल्डमध्ये एक टेबल असते, त्यावर प्रत्येकाने महिनाभराचे काम ठेवायचे आणि त्याविषयी बोलायचे. माझ्या नमद्यावर त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली, कारण प्रत्येकाने कधी ना कधी तो केलेला होता. बिघडलेले काम लपवायचे नाही हा तेथील अलिखित नियम मला सगळ्यांत आवडतो. आता त्या नमद्याचे तुकडे माझ्या खुर्चीच्या पायांखाली आहेत.

धुतलेली, वाळलेली लोकर अकराशे ग्रॅम राहिली. मग पिंजण. तारांचे बारीक दात असलेल्या दोन फळ्यांमध्ये लोकर पुन्हा पुन्हा ओढून तंतू मोकळे करायचे आणि त्याची हलकी गुंडाळी वळायची. तिला इंग्रजीत वेगळे नाव आहे, पण आम्ही शाळेत हाताळलेला पेळू तो हाच, म्हणून मी तो शब्द वापरू लागले आणि आता आजीबाईही ‘पेळू’ म्हणतात. जेकबच्या लोकरीचे मी तीन रंग वेगळे ठेवले: पांढरा, तपकिरी आणि दोन्ही एकत्र पिंजून मिळालेला राखाडी.

टकळीवर हात बसल्यानंतर गिल्डने मला पायाने चालवायचा चरखा नेऊ दिला. आपल्या चरख्यावर आधी सूत कातायचे, मग ते चातीवर गुंडाळायचे, अशी दोन कामे आलटूनपालटून होतात. या चरख्यावर पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी चालते, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही. सगळ्या शालीसाठी सुमारे बाराशे मीटर दुपदरी धागा हवा होता, म्हणजे एकेरी धागा चोवीसशे मीटर. तासाला जास्तीत जास्त शंभर मीटर, त्यातही आठवड्याला एखादा तास, मग दोन एकेरी धागे उलट दिशेने एकत्र पिळणे, फाळक्यावर लड करणे, ती भिजवून वाळवणे. पिळाचा तोल साधला असेल तर टांगलेली लड स्वतःभोवती गुंडाळत नाही. माझ्या पहिल्या चार लडी जिलबीसारख्या वळल्या. या कामात आठ महिने गेले. याच लँकेशायरमध्ये 1733 साली बरी गावच्या जॉन के याने धावता धोटा (आडवा धागा नेणारे साधन) काढला, विणणे भरभर होऊ लागले आणि सूत पुरेनासे झाले. ब्लॅकबर्नजवळच्या जेम्स हारग्रीव्ह्जने 1764 च्या सुमारास एकाच वेळी अनेक धागे कातणारे यंत्र का बनवले असेल, ते मला चोविसाव्या तासाला पुरेपूर समजले.

रंगाचे थोडक्यात सांगते. काठासाठी पांढऱ्या धाग्याची एक लड मी मंजिष्ठाच्या जातीच्याच युरोपीय मुळांत रंगवली. लोकरीच्या वजनाच्या दहा टक्के तुरटी आधी मुरवली, आणि येथील पाणी मृदू असल्यामुळे रंगाच्या भांड्यात चिमूटभर खडूची भुकटी टाकली. लाल छान उतरला.

खरा प्रश्न मागावर उभा राहिला. गिल्डचा टेबलावरचा माग घरी आणला, दोनशे चाळीस उभ्या धाग्यांचा तीन मीटरचा ताणा भरला, फणीतून ओवला आणि विणायला बसले. हातकताईच्या लोकरीचे केस शेजारच्या धाग्याच्या केसांना चिकटू लागले. धागे वरखाली होताना मधली वाट मोकळी होईना, धोटा अडे, फणी मारली की धागा उकले. पहिल्या तासाभरात अकरा धागे तुटले आणि विणून झाले बारा सेंटीमीटर. गिल्डमधील विणकरांनी जवस उकळून त्याचा चिकट गर ताण्याला लावायला सांगितले. तेव्हा मला एकदम आठवले ते गावातले सनगर आणि रस्त्याच्या कडेला ताणून ठेवलेले घोंगडीचे ताणे, त्यांवरून फिरणारा कुंचा आणि चिंचोक्याच्या खळीचा तो वास. लहानपणी मी त्या ताण्यांखालून पळत असे, पण खळ नेमकी कशी करतात हे कधी विचारले नव्हते.

मी गावी आक्काला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एका सनगरांच्या घरी जाऊन विचारून आली: चिंचोके भाजायचे, टरफले काढायची, रात्रभर भिजवून वाटायचे, पाण्यात शिजवून गाळायचे. “आणि कुंचा एकाच अंगाने फिरव बरं का, धाग्याच्या अंगाने, म्हणजे केस बसतात. भिंतीला रंग दिल्यासारखा मागं-पुढं फिरवू नकोस,” हे तिने दोनदा बजावले. ब्लॅकबर्नमधल्या किराणा दुकानातून बियांची चिंच आणली; महिनाभर आमच्याकडे आमटी जरा जास्तच आंबट होती. ताणा मागावरून सोडवून बागेत कपडे वाळवण्याचा खांब आणि शेजारचे कुंपण यांच्यामध्ये ताणायचा तर कोरडा दिवस हवा. तो अकराव्या दिवशी मिळाला. शेजाऱ्यांनी कुंपणावरून काय चालले आहे असे विचारले, आणि उत्तर ऐकून खुर्ची आणून बसले. वाळल्यावर धागे गुळगुळीत, काहीसे ताठ झाले. पुन्हा फणी ओवण्यात दोन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर संपूर्ण शाल विणताना तीनच धागे तुटले.

गिल्ड या शब्दाचा विचार करताना मला नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक शिलालेख आठवतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून ठेवली होती: दोन हजार दरमहा एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. भिक्षूंच्या चीवरांचा खर्च त्यातून चालत असे. ज्या संघाकडे पैसा विश्वासाने सोपवावा, त्याच्या सदस्यांचे हातही तितकेच विश्वासाचे असणार. आमच्या गिल्डकडे मात्र बिस्किटांच्या पैशांपलीकडे फारशी पुंजी नाही.

शाल कोमट पाण्यात धुतली, खळ निघून गेली, आणि या वेळी मुद्दाम हलकेच चोळून ती थोडी दाटवली. रुंदी साठवरून त्रेपन्न सेंटीमीटर झाली. टेबलावर ठेवल्यावर सगळ्यांनी प्रथम तिची उलटी बाजू पाहिली. आजीबाईंनी ती नाकाशी धरली आणि म्हणाल्या, अजून भाजल्याचा वास येतो. नोव्हेंबरच्या बैठकीत खळीचे प्रात्यक्षिक मी करायचे ठरले आहे. जवसाच्या गराच्या बाजूने असलेल्या दोन सदस्यांनी एकाच ताण्याचे दोन भाग करून तुलना करावी, अशी अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे.

माझे चिंचोके संपले आहेत. आक्काचा नातू ऑक्टोबरमध्ये शिकायला मँचेस्टरला येतो आहे. त्याच्या बॅगेत दीड किलो चिंचोके घालायचे तिने ठरवले आहे. कच्च्या बिया विमानतळावर अडवतील अशी मला भीती आहे, म्हणून ते भाजून, सोलून, दळूनच दे, असे मी तिला कळवले. त्यावर तिचे एवढेच उत्तर आले, की दळायला गिरणीवाला तयार नाही, पाट्यावर वाटावे लागेल, आणि ते तो नातूच वाटेल.