सीझेड म्हणून दाखवलेली येझदी

जुन्या आणि दुर्मीळ मोटारसायकलींची पारख करून त्यांच्या व्यवहारात मध्यस्थी करणे हा माझा कोल्हापुरातला व्यवसाय आहे, आणि मातीत, डोंगरात चालणाऱ्या गाड्यांकडे माझा विशेष ओढा आहे. अशा कामात इंजिनाचा आवाज ऐकून निदान केले जाते, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ कागदपत्रांत जातो आणि उरलेल्यातला बराचसा टाकीवर लोहचुंबक फिरवून रंगाखाली खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) किती भरली आहे, हे पाहण्यात जातो.

पुण्याच्या एका ग्राहकाने मला एका जाहिरातीतली छायाचित्रे पाठवली आणि गाडी पाहून अहवाल देण्यास सांगितले. गाडी गगनबावडा रस्त्यावर कळे गावाच्या पुढच्या एका गावात होती. ‘फॅक्टरी सीझेड मोटोक्रॉस, भारतात एकमेव’ असे जाहिरातीत लिहिले होते. ‘एकमेव’ आणि ‘रेअर’ हे शब्द विक्रेत्यांनी इतके झिजवले आहेत की मी ते वाचतच नाही. परंतु सीझेडचे नाव मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४ मध्ये मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीतल्या चढउतारांच्या शर्यतींचे, २५० सीसीचे जागतिक विजेतेपद याच चेकोस्लोव्हाक कंपनीच्या टू-स्ट्रोक गाडीवर मिळवले होते. दोन एक्झॉस्ट पोर्टांची ती गाडी आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाक जावाच्या धर्तीवर बनलेली येझदी एकाच देशाच्या परंपरेतल्या असल्यामुळे छायाचित्रात फसगत होणे सहज शक्य असते.

गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्यांखाली झाकलेली होती. गगनबावड्याकडचा पाऊस लोखंडाला किती निर्दयपणे खातो हे मला ठाऊक असल्यामुळे मी मनाची तयारी करून गेलो होतो, पण ती कोणीतरी ऑइल लावून नीट ठेवलेली होती. पुढे २१ इंची चाक, वर उचललेले दोन सायलेन्सर, रुंद हँडल, मडगार्डच्या जागी पत्र्याची एक पट्टी, आणि हेडलाइट नाही. मालक चार वर्षांपूर्वी वारले होते. जाहिरात त्यांच्या पुतण्याने दिली होती आणि ‘सीझेड’ हा शब्द त्याला कुठल्याशा एजंटाने सुचवला होता. अशा एजंटांमुळे या व्यवसायाची जेवढी बदनामी झाली आहे, तेवढी खोट्या सुट्या भागांमुळेही झालेली नाही.

फ्रेमची चौकोनी नळी आणि किकनेच गिअर टाकण्याची सोय पाहताच माझा निष्कर्ष जवळपास झाला होता, तरीही मापाशिवाय मी अहवाल लिहीत नाही. हेड उघडले. सीझेडच्या त्या २५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खालचा प्रवास) ६४ असतो. येझदीचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५. व्हर्नियरने पिस्टनचा वरचा आणि खालचा टप्पा मोजला, तो ७५ भरला. बोअर ६५ वर पाऊण मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे झिजल्यावर तेवढा मोठा करून घेतलेला, होता आणि तो आकडा पिस्टनच्या माथ्यावरही कोरलेला होता. आरसी पुस्तकात १९७५ ची नोंदणी होती, चासी नंबर स्वच्छ आणि न छेडलेला होता. म्हणजे ती सरळ येझदी होती आणि माझे काम तिथे संपले होते.

परंतु मी संध्याकाळपर्यंत त्या खोलीतून उठलो नाही, आणि त्याचे कारण होते मागचा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरून वर-खाली हलणारा, फ्रेमला जोडलेला भाग. शॉकॉब्सरचे खालचे टोक मूळ जागेवरून काढून चिमट्यावर बरेच पुढे आणलेले होते, त्यामुळे शॉकॉब्सर तिरका झाला होता. असे केले की शॉकॉब्सरचा दांडा तेवढाच दबूनही चाक अधिक वर-खाली जाते, मात्र स्प्रिंगवर आणि वरच्या जोडावर येणारा ताण वाढतो. म्हणून करणाऱ्याने जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या होत्या आणि वरच्या जोडाशी फ्रेमला त्रिकोणी पट्ट्या गॅस वेल्डिंगने जोडल्या होत्या. चिमट्याच्या खालच्या अंगावर मी बोट फिरवले, तेव्हा कानशीने घासून सपाट केलेल्या जुन्या वेल्डच्या दोन खुणा लागल्या, एक मागे आणि दुसरी तिच्या थोडी पुढे. म्हणजे हा जोड पहिल्या प्रयत्नात बसलेला नव्हता. गाडी पळवायची, पाहायचे, कापायचे आणि पुन्हा पुढे सरकवायचे, असा तो शोध होता. त्याच दशकात युरोपातले आणि जपानचे कारखाने मागच्या चाकाचा प्रवास वाढवण्यासाठी धडपडत होते. यामाहाच्या एकाच शॉकॉब्सरच्या गाडीवर हाकान आंदेरसनने १९७३ मध्ये २५० सीसीचे जागतिक विजेतेपद जिंकले ते याच धडपडीतून. तोच प्रश्न इथे एका लेथवर आणि एका वेल्डिंगच्या नळीवर सोडवलेला होता.

पुढच्या फोर्कचा वरचा क्लॅम्प तर ॲल्युमिनियमचा ओतीव होता. वाळूच्या साच्याचा दाणा खालच्या बाजूस स्पष्ट दिसत होता, वरची बाजू मात्र मशीनवर घेतलेली होती आणि कुठेही ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडणारे छिद्र, नव्हते. शेतीच्या ऑइल इंजिनांची ओतकामे ज्या शिवाजी उद्यमनगराने केली, तिथल्याच एखाद्या मोल्डरने सुट्टीच्या दिवशी हे पॅटर्न भरले असावे. मी याच शहरात वाढलो आहे आणि असे ओतकाम पाहिले की मला अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

मालकांच्या पत्नी, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “आमचे हे आणि त्यांचे एक टर्नर दोस्त, दोघांनी मिळून केली. रविवारी माळावर शर्यती असायच्या, सोमवारी गाडी परत दुकानात. मूळचं सामान सगळं माळ्यावर ठेवलंय, एक बोल्टसुद्धा टाकू दिला नाही.” खरोखरच माळ्यावर पूर्ण चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मूळ चिमटा आणि हेडलाइटचे आवरण गोणपाटात बांधलेले निघाले.

आणि इथेच व्यवहार अडचणीत आला. पुण्याच्या ग्राहकाला फोन करून मी सगळे सांगितले. सीझेड नाही हे त्यांनी शांतपणे ऐकले, पण मूळ सामान आहे म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; जुन्या नोंदीच्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून त्यांचा प्रस्ताव असा की त्रिकोणी पट्ट्या कापाव्यात, मूळ चिमटा बसवावा, गाडी कारखान्यातून आल्यासारखी करावी. तसे झाले तर ते पूर्ण भाव देतील, आहे तशीच घ्यावी लागली तर निम्मा.

नियम करणाऱ्यांचा हेतू मी समजू शकतो, कारण मूळ रूपाची अट नसेल तर जुन्या नंबरावर नव्या गाड्या उभ्या राहतील. तरीही या नियमात एक मोठी उणीव आहे असे मला ठामपणे वाटते: त्याच काळात, त्याच काळाच्या हातांनी केलेला बदल आणि गेल्या महिन्यात केलेला बदल यांत तो फरक करत नाही. मूळ रूपातल्या येझदी अजूनही मिळतात. मात्र चिमट्यावर प्रयोगाच्या खुणा असलेली अशी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

फोनवरचे बोलणे काकूंनी ऐकले होते. त्यांनी विचारले, “म्हणजे ही खोटी गाडी आहे का, दादा?” मी त्यांना चिमट्यावरच्या त्या दोन खुणांवर बोट ठेवायला लावले आणि प्रत्येक खूण म्हणजे काय, ते समजावून सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मला म्हाईत न्हवतं. पण घराची कौलं बदलायची आहेत.”

अहवालात मी गाडीचे वर्णन ‘येझदी २५०, १९७५, कोल्हापुरात मोटोक्रॉससाठी बदललेली’ असे केले आहे, प्रत्येक जोडाचे छायाचित्र आणि माप सोबत लावले आहे. आहे त्या स्थितीत तिचा भाव पुण्याच्या ग्राहकाच्या निम्म्यापेक्षा बराच वर असायला हवा, असे कारणांसह लिहिले आहे. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज भरून दिला आहे, कारण गाडी कोणीही घेवो, ती आधी काकूंच्या नावावर यावी लागेल. आहे तशी घेणारा ग्राहक मी शोधतो आहे. पुण्याच्या ग्राहकाने मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे, आणि काकूंनी पट्ट्या कापायच्या की नाही हे माझ्यावर सोपवले आहे, जे मी अजून स्वीकारलेले नाही.