पाऊणपटीचा हिशेब आणि दापोलीचं मुरूड

समुद्रावर जायचं नुसतं बोललं तरी आमच्या ग्रुपवर रिसॉर्टच्या लिंका पडायला लागतात. पूल आहे का, एसी आहे का, रात्री गाणी लावू देतात का, असे प्रश्न सुरू होतात. ज्याच्यासाठी जायचं तो समुद्र त्या दिवशी कुठे असणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मी तेवढं एकच विचारतो: त्या शनिवारी तिथी कोणती?

लगेच 'गुरुजी आले', 'मुहूर्त काढा' सुरू होतं. होऊ दे. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या थोडं वर उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागे मागे सरकतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघावं. पण वीकेंड निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

अष्टमीच्या वीकेंडला तुम्ही संध्याकाळी हातात भेळ घेऊन किनाऱ्यावर जाता तेव्हा पाणी वर चढलेलं असतं आणि खेळायला वाळू उरलेली नसते. त्यात ती भांगाची भरती, तिला जोरही नसतो. पौर्णिमेला उलट. दुपारी उशिरा पाणी लांब मागे जातं, खालची वाळू टणक होते, आणि रात्री जेवून बाहेर यावं तर उधाणाचं पाणी वर चढत असतं, डोक्यावर चंद्र. आठ-दहा माणसांना दंगा करायला याहून चांगली व्यवस्था कुठलं रिसॉर्ट देणार?

तर माघी पौर्णिमा ठरली, ती नेमकी रविवारी येत होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की पुढची पौर्णिमा घेऊ, थंडी कमी होईल. पण पुढची म्हणजे शिमगा. शिमग्याला अख्खी मुंबई कोकणात उतरते, घराघरात चाकरमानी, पालख्या नाचतात. तो सोहळा बघायला मुद्दाम जावं, पण त्या गर्दीत खोल्या शोधत फिरू नये.

जागेवरून दोन दिवस वाद झाला. अलिबाग जवळ, पण मांडव्याला उतरल्यावर निम्मी ओळखीची तोंडं भेटतात. तारकर्ली सुंदर, पण पुण्याहून दोन दिवसांत जाऊन येणं म्हणजे नुसता गाडीचा प्रवास. मग दापोलीजवळचं मुरूड निघालं. लांबलचक सपाट किनारा, चार-सहा किलोमीटरवर हर्णै बंदर, राहायला वाडीतली घरं. खजिनदाराने नियम काढला की जो अॅडव्हान्स भरेल तोच येणार, बाकीच्यांचा होकार शुभेच्छा म्हणून धरला जाईल. या एका मेसेजने यादी निम्मी झाली. मोठ्या ग्रुपच्या नियोजनात मला आजवर कळलेली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

शुक्रवारी हाफ-डे टाकून निघालो. ताम्हिणी, माणगाव, मग आंबेतला सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड, दापोली. पूल ओलांडला की रायगड जिल्हा संपतो, रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि आंब्याच्या मोहोराचा वास काचा बंद असल्या तरी गाडीत येतो. मुंबईहून येणारी जोडी वेगळी निघाली होती. त्यांनी नकाशात नुसतं 'मुरूड' टाकलं आणि वडखळला उजवीकडे वळली. थोड्या वेळाने फोन. "अरे, जंजिऱ्याची पाटी दिसतेय, बरोबर ना?" महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दोन मुरूड आहेत, एक रायगडात जंजिऱ्याशेजारी आणि एक रत्नागिरीत दापोलीशेजारी. नकाशात टाकताना दापोली लिहायला विसरू नका. ते दोघं पोचले तेव्हा पिठलं-भात तिसऱ्यांदा गरम होत होता.

मुरूडची घरं मला फार आवडतात. रस्त्याला लागून अंगण, मग घर, मागे नारळी-पोफळीची लांबट वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि फाटक उघडलं की वाळू. यजमान काका-काकूंचं घर शाकाहारी. हे आधीच विचारून घ्यावं, कारण इथे अशी घरं बरीच आहेत आणि मासे आणून "काकू, जरा तळून द्या ना" म्हणणं बरं दिसत नाही. दोन घरं सोडून एक ताई मासे करून देतात, असं काकूंनीच सांगितलं. काकूंकडच्या घावन-चटणीनंतर आणि डाळिंब्यांच्या उसळीनंतर मासेखाऊ मंडळींनीही तक्रार केली नाही.

प्रवासाने पाठ धरली म्हणून कुणीतरी कुरकुरत होतं, तर काका शांतपणे म्हणाले, "हे महर्षी कर्व्यांचं गाव. ते परीक्षेला इथून साताऱ्याला चालत गेले होते. आणि तिथे, लहान दिसतोस, म्हणून बसूच दिलं नाही." त्यानंतर रविवारपर्यंत पाठीचा विषय निघाला नाही.

शनिवारी सकाळी हर्णैहून बोट. बोटीचं काही करायचं तर सकाळीच, दुपारी वारा उठतो आणि मग नवख्यांची पोटं ढवळतात. डॉल्फिन दिसले. काळसर पाठ पाण्यावर आली, वळली, गेली. सगळ्यांचे मोबाइल भलत्याच दिशेला होते. तांडेल हसून म्हणाला, "फोटो मी व्हॉट्सअॅपवर देतो, तुम्ही बघून घ्या." हा सल्ला मी यापुढे सगळीकडे वापरणार आहे.

मग सुवर्णदुर्ग. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातला हा एक. आम्ही थेट वाळूवर उतरलो, गुडघाभर पाण्यातून, चपला हातात धरून. महादरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपवलेला आहे. पायरीवर कासव कोरलेलं आणि बाजूच्या तटावर मारुती. तट बघत राहावा असा, कुठे मोठमोठे चिरे रचलेले, तर कुठे मूळ कातळच तासून तटाचा पाया केलेला. आत मात्र झाडोरा माजलेला. प्यायचं पाणी बरोबर न्यावं आणि पूर्ण बुटांत जावं.

समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, असे तिघे सुवर्णदुर्गाचे पाठीराखे. कोल्हापूरकराने विचारलं, एवढा बंदोबस्त असून हा पडला कसा? 1755 मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि कमोडोर जेम्सच्या आरमाराने समुद्रातून तोफा डागून तो घेतला. आंग्र्यांचं आरमार खिळखिळं झालं आणि पुढे कोकणचा किनारा कुणाच्या हाती गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोटीत यावर जोरदार भांडण झालं. निम्मी बोट पेशव्यांच्या बाजूची, निम्मी आंग्र्यांच्या, तांडेल अर्थातच आंग्र्यांकडून. मीही. परतलो तोवर साडेदहा होत आले होते, चौदा पाऊण साडेदहा, पाणी भरलेलं. उतरताना गुडघ्याऐवजी मांड्या भिजल्या.

खरी धमाल दुपारी चारनंतर, हर्णैच्या लिलावात. पाणी लांब मागे गेलेलं, खोल पाण्यात बोटी नांगरलेल्या आणि मासळी किनाऱ्यावर आणायला चक्क बैलगाड्या. पोटापर्यंत पाण्यात उभा असलेला बैल, त्याच्या शिंगांवरून उडणारे बगळे, मागच्या गाडीत बर्फाखाली सुरमई. ओल्या वाळूवर माशांचे ढीग पडतात, भोवती घोळका जमतो, बोली लागते आणि आपल्याला शेवटचा आकडा कळायच्या आत ढीग विकला जाऊन टोपलीत गेलेला असतो. डिझेल, बर्फ आणि खाऱ्या पाण्याचा मिळून एक वास असतो. ज्याला तो सोसत नाही त्याने वरच्या रस्त्यावर चहा घ्यावा, उगाच नाकाला रुमाल लावून मध्ये उभं राहू नये.

आपल्यासारख्यांनी लिलावात पडायचं नसतं. बाजूला मावश्या वाटे लावून बसतात, तिथे घ्यायचं. कोल्हापूरकराने बांगडा उचलून विचारलं, "मावशी, ताजा आहे ना?"

"आत्ता गाडीतून उतरला तुमच्यासमोर. आता काय पत्रिका बघायची त्याची?"

त्याने तरीही कल्ले उघडून बघितले. लालभडक होते. मावशीने त्याच्याकडे बघून मान हलवली, जरा कौतुकानेच, आणि वाट्यात दोन बांगडे जास्त टाकले. पापलेटचा भाव ऐकून खजिनदार दोन पावलं मागे सरकला. म्हणून बांगडे, कोळंबी आणि थोडी मांदेली. मासे साफ करून देणाऱ्या बायका जवळच बसतात, त्यांचे पैसे वेगळे आणि ते घासाघीस न करता द्यावेत. त्यांचा कोयता चालताना एकदा बघा म्हणजे पटेल.

ताईंनी मांदेली तांदळाच्या पिठात कुरकुरीत तळली, बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं केलं. वर सोलकढी. जेवणावर आणखी लिहिलं तर हा लेख संपायचा नाही.

रात्री साडेदहाला फाटक उघडलं तर पाणी पार वर आलेलं. चंद्र इतका लख्ख की बॅटरी लागेना. ज्यांनी 'गाणी लावू देतात का' विचारलं होतं त्यांनी स्पीकर आणला होता, पण लाटांच्या आवाजात त्याचं काही चालेना. शेवटी तो बंद करून तोंडानेच भेंड्या सुरू झाल्या. 'ळ' आला की इथेही भांडण होतं, याची नोंद घ्यावी. उधाणाच्या भरतीत रात्री पाण्यात उतरायचं नाही हे आधीच ठरलं होतं आणि डॉक्टरीणबाई काठावर पहाऱ्याला होत्या. त्या असताना कुणाची हिंमत नव्हती.

रविवारी सकाळी सातला क्रिकेट. पहाटे पाणी मागे गेल्याने वाळू अजून घट्ट होती, चेंडू टप्प्याला उसळत होता. पाण्यात गेला की आऊट आणि मारणाऱ्यानेच आणायचा. वहिनींनी पहिल्याच ओव्हरला खजिनदाराचा त्रिफळा उडवला आणि त्यानंतर तो फक्त अंपायर राहिला.

साडेआठच्या सुमाराला लांबून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी पर्यटक मोठी गाडी वाळूवर घेऊन आले होते. गोल गोल फिरवत रील काढता काढता पुढची चाकं रुतली. ड्रायव्हर एक्सलेटर दाबतोय, चाकं जागेवर फिरतायत, गाडी आणखी खाली. आम्ही बॅट टाकून धावलो. ढकलून काही होईना. चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, त्या वाळूत गेल्या. साडेनऊला पाणी बंपरपासून पन्नास पावलांवर, थोड्या वेळाने तीस. त्यातल्या एकाने मला विचारलं, "पाणी इथपर्यंत येतं का?" मी म्हटलं, सव्वाअकराला इथे तुमच्या टपापर्यंत नाही, पण दारापर्यंत नक्की असेल. गावातून ट्रॅक्टर आला, दोर बांधला, दुसऱ्या हिसक्याला गाडी निघाली तेव्हा मागच्या चाकाला पहिली लाट लागली होती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, वीकेंडला हे ठरलेलंच, पाट्या लावल्या तरी कोण वाचतो.

परत निघताना आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. वरून खाडीचं तोंड आणि लांब सुवर्णदुर्ग दिसतो, आणि देवळाच्या आवारात आश्चर्यकारक गार वारा. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातली माणसं ती अंडी कुंपणाच्या आत हलवून जपतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. ती बघायची तर मार्च-एप्रिल बरा, पहाटे किंवा संध्याकाळी. आसूदचं केशवराज देऊळ मात्र राहिलं. तिथे पोफळीतून चढून जावं लागतं आणि क्रिकेटनंतर कुणाच्या पायांत जीव नव्हता.

मुरूडला जाणार असाल तर शुक्रवारी अंधाराआधी मंडणगड गाठा, पुढचा रस्ता वळणांचा आहे. रोख पैसे बरोबर ठेवा, बंदरात रेंज दगा देते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत लिलाव नाही आणि पावसात बोटीही नाहीत. आणि तिथी बघा. आम्ही पुढची बघून ठेवली आहे, पण जागेवरून पुन्हा भांडण चालू आहे. मुंबईकर जोडीला आता जंजिऱ्याचं मुरूडही बघायचंय.